संगीतसूर्य केशवराव भोसले : अवघ्या ३१ वर्षांचे गाणे

शाहूवाडी, पन्हाळ्याकडचा कुस्तीशौकीन कोल्हापुरात आला, की त्याची पावले हमखास खासबाग मैदानाकडे वळतात. त्या मैदानाला पाठ लावून एक नाट्यगृह उभे आहे. मल्लांचा आखाडा आणि गायकांचा रंगमंच असे शेजारी नांदविण्याची कल्पना राजर्षी शाहू महाराजांचीच. १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून खुल्या झालेल्या या वास्तूला पुढे केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. मात्र नाट्यगृहावर नाव असलेला हा माणूस नेमका कोण, हे कुस्तीच्या गर्दीतील अनेकांना ठाऊक नसते.

युरोपात ऑपेरा गायकाला जो मान, तो महाराष्ट्रात संगीत नाटकाच्या गायक नटाला मिळाला. अर्थात दोन्ही प्रकार एक नव्हेत. ऑपेरात संवादही बहुधा गाऊनच होतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून जी वाट पाडली, तीत गद्य संवाद आणि पदे आलटून पालटून येतात आणि श्रोत्यांनी 'वन्स मोअर' दिला, की कथानक तिथेच थांबून राहते. एक गोष्ट मात्र दोहोंत समान होती. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतील चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोहोचला नाही, तर नटाचा निभाव लागत नसे.

हा आवाज केशवरावांना उपजत लाभला होता. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील लवकर वारले आणि घरच्या गरिबीमुळे अगदी बालवयातच त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल व्हावे लागले. शालेय शिक्षणाचा योग आलाच नाही. नकला ऐकून पाठ करणे, तालीम मास्तरांची शिस्त सोसणे आणि रात्री रंगमंचावर उभे राहणे, हीच त्यांची शाळा. देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदेची भूमिका करणाऱ्या या मुलाच्या गाण्याने प्रेक्षक भारावून जात. पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली आणि त्या निसर्गदत्त गळ्याला रागदारीची शिस्त आली. तारसप्तकात सहज फिरणारा, धारदार पण सुरेल असा तो आवाज होता.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे १७. नाटक मंडळीचा मालक होणे म्हणजे नुसते गाणे नव्हे. नट, वादक, आचारी, सामानाच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरायचे, कर्ज काढायचे आणि ते फेडायचे. केशवरावांनी हा व्याप सांभाळून रंगमंचावर मखमली पडदा आणला आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या कलावंतांकडून देखावे रंगवून घेतले. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हुंड्याच्या प्रश्नावर होते; 'संन्याशाचा संसार' धर्मांतराच्या. पौराणिक कथानकांवर खात्रीशीर गल्ला मिळत असताना असे सामाजिक विषय हाती घेण्याचे धाडस थोडेच मालक करीत.

बालगंधर्वांशी त्यांची तुलना अपरिहार्यपणे होते, पण ती फारशी उपयोगाची नाही. एकाचे गाणे लाघवी, दुसऱ्याचे तेजस्वी. रसिकांचे मात्र दोन तट पडले होते. म्हणूनच ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी, हे दोघे एकाच रंगमंचावर आले तेव्हा तो प्रसंग ऐतिहासिक ठरला. नाटक खाडिलकरांचे 'मानापमान', भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव. त्या एका प्रयोगाचे उत्पन्न १६ हजार रुपयांहून अधिक झाले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या मालकांनी आपापला अहंकार बाजूला ठेवून केलेला हा प्रयोग 'संयुक्त मानापमान' या नावाने ओळखला जातो.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. आज ज्या वयात गवय्याची खरी उमेद सुरू होते असे मानतात, त्या वयात ही मैफल संपली. बापूराव पेंढारकरांनी मंडळी पुढे चालविली आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तिला नवे आयुष्य दिले. मालकाच्या मृत्यूनंतर बहुतेक मंडळ्या मोडत; ललितकलादर्श तगली, यातच केशवरावांनी घातलेली घडी दिसते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पडदे, लाकडी रंगमंच, खुर्च्या, सारे जळाले आणि ज्वाळा पाहताना कित्येक वृद्ध नाट्यकर्मींना अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.