हुकलेला वार जातो कुठे?

अक्कलकोटला येणारे बहुतेक जण स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन परततात आणि भोसले संस्थानिकांचं राजवाड्यातलं शस्त्रागार बघायचं राहून जातं. टेबलाभोवती बसून फाशांवर लढाया खेळणाऱ्यांनी तरी ते चुकवू नये. 1974 साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून या खेळांत वार आणि बचाव आकड्यांत मोजतात. आकड्यामागची ढाल-तलवार डोळ्यांपुढे नसली की गैरसमज होतात.

गैरसमज : चिलखतामुळे वार ‘हुकतो’, हा नियमच खोटा.

इथे हुकला म्हणजे जखम झाली नाही, एवढंच. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाने केलेला वार महाराजांच्या अंगातल्या चिलखतावर अडला, असं सभासद बखर सांगते. वार अंगावर आला होता, तरी खेळात तो हुकलाच धरतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सध्याच्या नियमांत साखळ्यांच्या चिलखताचा बचाव 16, ढालीचे आणखी 2, म्हणजे 18. वीस पैलूंच्या फाशाचा आकडा आणि हल्लेखोराचे गुण यांची बेरीज 10 च्या आत राहिली तर वार हवेत गेला, 10 ते 15 आली तर साखळ्यांवरून घसरला, 16-17 आली तर ढालीवर आदळला, असं खेळ चालवणाऱ्याने सांगावं. नियमपुस्तकात ही वाटणी नाही, पण तिने लढाई डोळ्यांपुढे उभी राहते.

गैरसमज : ढालीचे 2 गुण म्हणजे किरकोळ.

आपली गोल ढाल मुठीत धरतात. बाहेरून नक्षीसारखी दिसणारी चार फुलं आतल्या मुठीच्या कड्या जखडून ठेवतात. अशी ढाल झटकन पुढे नेऊन येणारा वार वाटेतच अडवता येतो. आता हिशेब बघा. हल्लेखोराचे गुण 5 आणि बचाव 16 असेल तर विसांतले 10 वार लागतात, ढाल घेतली की 8. बचाव आधीच 22 असेल तर 4 लागतात आणि ढालीने 2 उरतात, म्हणजे थेट निम्मे! बचाव जितका भक्कम, तितकी तीच ढाल मोलाची.

गैरसमज : हिट पॉइंट्स (वार सोसण्याचे गुण) म्हणजे अंगातलं रक्त.

खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी 1979 च्या मार्गदर्शक पुस्तकातच हे खोडून काढलं. हिट पॉइंट्समध्ये कसब, नशीब, दमसास सगळं येतं.

गैरसमज : बचावासाठी वेगळा फासा टाकला की लढाई जास्त खरी होते.

1978 च्या ‘रुनक्वेस्ट’मध्ये अशी सोय आहे. वार अडवायला वेगळा फासा टाकायचा आणि चिलखत इजा कमी करणार. मला ही पद्धत मनापासून आवडते, पण तिची किंमत मोजावी लागते. दोघंही 80 टक्के पटाईत असतील तर शंभर वारांतले 80 नेमावर येतात, त्यांतले 64 अडवले जातात आणि उरतात 16. त्यांतही काही चिलखत जिरवतं. दोघांचं द्वंद्व असेल तर यात रंग भरतो. समोर वीस शत्रू असतील तर एकाच फाशाचा जुना नियम बरा.