रोजच्या लिखाणासाठी शाईचे पेन

शिळफाट्यावरून बोरघाट चढून लोणावळ्याला गेलो की खिशातल्या शाईच्या पेनाची परीक्षा होते. लोणावळा सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. वर हवेचा दाब घटतो, पेनातली हवा पसरते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून घाटात आम्ही पेन पूर्ण भरून नेतो आणि निबेचे टोक वर ठेवतो.

पेन घेताना दुकानातच दोन ओळी लिहून पाहाव्यात. आपल्या घरांत मराठीबरोबर उर्दूही लिहिली जाते. उजवीकडून लिहिताना उजवा हात ओल्या अक्षरांवर टेकतो. तेव्हा बारीक निब आणि लवकर सुकणारी शाई बरी. पावसाळ्यात सादळलेल्या कागदावर शाई फुटते, तिथेही बारीक निबच उपयोगी पडते.

महागडे परदेशी पेनच हवे असे नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनची पेने कित्येक पिढ्यांनी शाळेत वापरली.

पेने जमवण्याची हौस जरूर असावी, पण वापरता येतील तेवढीच भरावीत. पडून राहिलेल्या पेनात शाई सुकते आणि वाट बंद होते. ठेवून देण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावे. गरम पाणी नको. चित्रकलेची जलरोधक शाई तर कधीच घालू नये. मुलांना पहिले पेन देताना ते धुवायलाही शिकवावे.