फीत वाचते, मैफल अडते

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संगीत विद्यालयावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं ते तिथल्या ऑपेरासाठी. मला ओढ लागली ती तिथल्या जुन्या ध्वनिफितींची.

ब्लूमिंग्टन या लहान शहरातलं हे विद्यालय १९२१ सालचं; २००५ पासून त्याला जेकब्स यांचं नाव आहे. चेलोवादक यानोश श्टार्कर, पियानोवादक मेनाहेम प्रेसलर, व्हायोलिनचे गुरू जोसेफ गिंगोल्ड यांनी इथे पिढ्या घडवल्या. गुरूंचे आणि विद्यार्थ्यांचे मिळून वर्षाला हजारावर कार्यक्रम होतात. दशकानुदशकं त्यांचं ध्वनिमुद्रण साठत गेलं.

पण फीत कपाटात ठेवली म्हणजे गाणं टिकलं, असं होत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच फितींवर चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप हवेतली ओल शोषतो. अशी फीत यंत्रावर चढवली की ती अडते, किंचाळते आणि तिचा लेप यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवर खरवडून येतो. त्यावरचा उपाय म्हणजे फीत पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसवर काही तास शेकायची. मग ती पुन्हा वाजते, पण थोडे आठवडेच. तेवढ्या अवधीत तंत्रज्ञाला काम उरकावं लागतं. आधी तो हेडचा कोन जुळवतो. स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. कोन जरा चुकला तरी आवाजाची धार बोथट होते, आणि तोच बोथट आवाज कायमचा संगणकात उतरतो. तानसेन व्यासपीठावर असतो. त्याचं गाणं पुढच्या पिढीला देणारा हा कानसेन कुणाला दिसत नाही.

ग्रंथालयातल्या संगणकांवर ध्वनिमुद्रणं ऐकवण्याची सोय या विद्यापीठाने १९९६ मध्येच केली. २०१३ मध्ये मोठी मोहीम जाहीर झाली आणि साडेतीन लाखांवर ध्वनिफिती, तबकड्या व चित्रफिती डिजिटल झाल्या.

एवढं करूनही त्यातलं बरंचसं तुम्हा-आम्हाला घरबसल्या ऐकता येत नाही. सभागृहात वाजवण्याचा परवाना वेगळा, इंटरनेटवर ठेवण्याचा वेगळा. रचना नवी असेल तर संगीतकाराची संमती हवी, वादकांची हवी, साथीदारांचीही हवी. एकविसाव्या वर्षी परीक्षेसाठी वाजवलेलं जगाने ऐकू नये, असं एखाद्याला वाटलं तर तेही रास्तच. कलाकाराचा हा हक्क मोडून फिती खुल्या कराव्यात, असं मी म्हणणार नाही. पण चाळीस वर्षांनी त्या वादकांचा ठावठिकाणा शोधायचा कुणी? फीत शेकून सुटते. संमतीची ही गाठ तशी सुटत नाही.

आपल्याकडेही १९९४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. तो पन्नास वर्षं टिकतो आणि तबलजी, पेटीवादक यांनाही लागू होतो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी घडी बसवलेला मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग असो, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र असो, की एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातला संगीताचा वर्ग; मैफली सगळीकडे होतात आणि हल्ली त्या मुद्रितही होतात. तेव्हा विभागप्रमुखांना एकच विनंती आहे. माइक लावतानाच एक कागद पुढे करा. त्यावर ध्वनिमुद्रण फक्त अभ्यासासाठी, विद्यापीठापुरतं की सर्वांसाठी, हे गायकाने आणि प्रत्येक साथीदाराने स्वतः लिहावं. सही त्याच संध्याकाळी घ्या आणि तो कागद ध्वनिमुद्रणासोबतच जपा.