आंतरजालावरचा छोटा लेख आणि सौंसर-पांढुर्ण्याचा वाचक

सौंसर-पांढुर्णा भागात घरात, आठवडी बाजारात आणि संत्र्याच्या बागेत मराठी चालते. शाळेची पुस्तके, कचेरीतले अर्ज आणि रस्त्यावरच्या पाट्या मात्र हिंदीत असतात. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्यप्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि हा भाग त्याच कारभारात होता. पुनर्रचनेनंतर नागपूर एका राज्यात गेले, आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शिक्षणाची भाषा बदलली नाही. या सगळ्यातून एक वेगळ्याच प्रकारचा वाचक तयार झाला आहे. तो मराठी बोलतो, देवनागरी झपाझप वाचतो, पण सलग मराठी पान त्याने कधी वाचलेले नसते. त्याच्या हाती तीनशे पानांची कादंबरी देऊन उपयोग नाही. तीनशे शब्दांचा लेख तो संपवतो, आणि एक संपवला की दुसरा उघडतो. छोट्या लेखाचा विचार इथे करायचा तो या वाचकासाठी.

मराठीला हा प्रकार नवा नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात येऊ लागली. म्हणायला शंभर, प्रत्यक्षात ती १०८ आहेत. एका पत्रात एक विषय, मत रोखठोक, भाषा बोलण्याच्या जवळची आणि पुढच्या अंकात पुढचे पत्र, अशी त्यांची रीत होती. तोवर छापील मराठी गद्य वाचण्याची सवय फार थोड्यांना होती. ‘दर्पण’ निघून जेमतेम सोळा वर्षे झाली होती. म्हणजे लोकहितवादींपुढचा वाचकही नवशिकाच होता आणि त्याला छोट्या, नियमित मजकुराने वाचनाची गोडी लागली. पुढे वृत्तपत्रांतली स्फुटे आली, फडके-खांडेकरांचा लघुनिबंध आला. आज कागदाच्या जागी मोबाइलचा पडदा आहे, एवढाच फरक मानावा असे कोणी म्हणेल. मला तो फरक त्याहून मोठा वाटतो. साप्ताहिकाचा वाचक वर्गणी भरून बसलेला असे आणि अंक आला की चाळत असे. आंतरजालावरचा वाचक बहुधा काहीतरी शोधत आलेला असतो, किंवा कोणीतरी पाठवले म्हणून उघडतो. त्याने काय शोधले असेल, हा प्रश्न लेखकाने लिहिण्याआधी विचारायला हवा.

जामसावळीचेच उदाहरण घेऊ. इथला पहुडलेला हनुमान प्रसिद्ध आहे. शनिवारी-मंगळवारी नागपूरकडूनही लोक येतात. गावाविषयी लिहायचे ठरवले की आपला लेखक ‘जामसावळी : श्रद्धेचे पावन तीर्थ’ असा मथळा देऊन हजार शब्द लिहितो. त्यात महिमा असतो, निसर्गवर्णन असते, आणि येणाऱ्याला हवे असलेले काहीच नसते. येणाऱ्याचे प्रश्न साधे आहेत. नागपूरहून कसे जायचे? मूर्ती आडवी का आहे, लोक त्याबद्दल काय सांगतात? गावाच्या नावाचा अर्थ काय? हे तीन प्रश्न म्हणजे तीन लेख. दुसऱ्या लेखात ‘अशी आख्यायिका आहे’ हे शब्द न विसरता लिहावेत. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेची म्हणून सांगितली की भाविकही दुखावत नाही आणि विद्यार्थीही फसत नाही.

नावाचा प्रश्न तर फारच उपयोगाचा आहे. हिंदी पाटीवर ‘जामसांवली’ असते, मराठीत आपण ‘जामसावळी’ लिहितो आणि घाईने टंकणारा ‘जामसावली’ किंवा ‘जाम सावली’ लिहितो. हिंदीत सांवली म्हणजे सावळी. मराठीत सावली म्हणजे छाया. पाटी वाचून मराठी मुलाच्या मनात झाडाची सावली उभी राहते, हिंदी मुलाच्या मनात सावळा रंग. हीच गत पांढुर्णा-पांढुरना आणि सौंसर-सौसर यांची. माणूस ही सगळी रूपे एकच समजतो, यंत्राला ती वेगवेगळी अक्षरे दिसतात. शोधयंत्रे थोडीफार सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबू नये. मथळ्यात आपले शुद्ध रूप ठेवावे आणि पहिल्या परिच्छेदात ‘पाटीवर जामसांवली असे लिहिलेले असते’ असे एक वाक्य सहज घालावे. शुद्धलेखनाला धक्का न लागता दोन्ही दारे उघडी राहतात.

अशीच एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र संगणकावर दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत संकेत मात्र निराळे असतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर कधी कधी सापडत नाही. म्हणून एका ठिकाणी लिहिणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा, निदान एक पद्धत ठरवून घ्यावी.

विषय कोठून आणायचे, असे विद्यार्थी विचारतात. आपल्याकडे तर दोन भाषांच्या सांध्यावरच विषय पडलेले आहेत. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरदार. ‘यात्रा’ तिकडे प्रवास, आणि आपल्याकडे प्रवासाबरोबरच देवाची जत्राही. एकेका शब्दावर अडीचशे शब्द लिहा. शिक्षक ते वर्गात वाचून दाखवतील, मुले घरी सांगतील, आणि हिंदीतून शिकलेल्या वाचकाला मराठी ही परकी नसून शेजारच्या खोलीतली भाषा आहे हे कळेल. पोळ्याच्या झडत्या हा असाच दुसरा साठा आहे. छिंदवाडा-नागपूर ही अरुंद रुळांची गाडी २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. तिच्या एकेका स्थानकावर एकेक लेख होऊ शकतो. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला ती माणसे अजून सांगायला आहेत.

वाचक टिकण्याचा प्रश्न मात्र वेगळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांवरून दगड मारले जातात, आणि त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत आपले नाव झळकते. गोटमारीवर त्या दिवशी लेख टाकला तर पुष्कळ वाचक येतील यात शंका नाही. चौथ्या दिवशी त्यांतला एकही उरणार नाही. शिवाय त्या दिवशी मोठ्या वृत्तपत्रांशी शर्यत लावून आपल्या हाती काय लागणार? आपण आठ दिवस आधी लिहावे, आणि इथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते ते लिहावे : झाड कोण आणते, घरच्या बायका त्या दिवशी काय करतात, जखमीला कोणते औषध लावत आणि आता काय लावतात.

याच्या उलट संत्र्याचे आहे. आंबिया बहार आणि मृग बहार यांच्यामुळे बागायतदाराचे प्रश्न वर्षभर चालू राहतात. पावसाळ्यात आंबियाची फळगळ, मग कोळशी, मग खोडाचा डिंक्या. ‘ऑगस्टमध्ये फळे का गळतात’ असा छोटा, बिनचूक लेख यंदा वाचला जाईल आणि पुढच्या पावसाळ्यातही वाचला जाईल. साहित्याच्या वार्षिकात फळगळ कशाला, असे काहींना वाटेल. पण मराठीत आपल्या कामाचे काही सापडते हा विश्वास एकदा बसला की तोच वाचक कविता आणि कथाही उघडतो. उलट क्रमाने हे घडलेले मी फारसे पाहिले नाही. अशा लेखातला औषधाचा सल्ला मात्र कृषी विज्ञान केंद्रातल्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. चुकीच्या कवितेने कोणाची बाग वाळत नाही.

लिहिण्याच्या रीतीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. पहिल्या दोन वाक्यांत विषय यावा. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर मध्येच तुटून ‘आणखी वाचा’ दिसते, आणि त्याच्या अलीकडे जे असते त्यावरच पुढे वाचायचे की नाही हे ठरते. ‘मानवी जीवनात भाषेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ अशी सुरुवात त्या जागेत परवडत नाही. परिच्छेद तीन-चार वाक्यांचे असावेत. नागपुरी-वऱ्हाडी वळणाचे शब्द जसेच्या तसे येऊ द्यावेत. कठीण मराठी शब्दाशेजारी सोपा मराठी शब्द ठेवावा. लगेच हिंदीकडे वळू नये, कारण वाचक मराठी वाचायला आला आहे. आणि छोटा लेख म्हणजे कापलेला मोठा लेख नव्हे. हजार शब्दांतले सातशे खोडून उरते ते बहुधा लंगडे असते. त्यापेक्षा विषयच लहान घ्यावा.

नियमितपणा संख्येपेक्षा महत्त्वाचा. रोज लिहिण्याचा संकल्प पंधरा दिवसांत मोडतो. दर शनिवारी एक, असे ठरवले तर वर्षाला पन्नासच्या आसपास लेख होतात. चार शिक्षकांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला एक. उघडणाऱ्यांचा आकडा पाहू नये असे मी म्हणणार नाही, पण त्याहून मोलाचे दोन आकडे आहेत : परत येणारे किती आणि शेवटपर्यंत वाचणारे किती. चाळीस परतणारे वाचक हे एका दिवसाच्या चार हजारांपेक्षा जास्त आहेत.

लेख ठेवायचा कुठे, हेही आधीच ठरवावे. केवळ व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला लेख आठवड्यात वर सरकून दिसेनासा होतो आणि महिन्याभरात लेखकाचे नाव गळून दुसऱ्याच कोणाच्या नावाने परत येतो. लेखाला एक कायमचा पत्ता असावा, गटात दोन ओळी आणि त्या पत्त्याचा दुवा पाठवावा. खाली लेखकाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. वर्षाअखेर सगळे लेख एका धारिकेत उतरवून तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक गावातल्या वाचनालयात द्यावी, शक्य तर छापून.