बारा दिवे लागूनही पोथी अंधारात

आश्विनात गोंदिया जिल्ह्यातील धानाला पिवळेपणा येऊ लागला, की सायंकाळी दिव्यादिव्याभोवती हिरवे तुडतुडे जमू लागतात. दिवाणखान्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसविलेल्या डाउनलाइटच्या कडेला फट राहिली असेल, तर ते तिच्यातून आतही शिरतात. चातुर्मासात दिवा लावतानाही जपणाऱ्या घरात मग सकाळी फरशीवर मेलेले जीव दिसतात. दिवे बदलण्याची भाषा बहुधा येथून सुरू होते. याहून मोठे कारण घरातील वडीलधारी मंडळी सहसा बोलून दाखवीत नाहीत: त्यांना रात्री वाचता येईनासे झालेले असते.

साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात रात्रीचा दिवा लागतो तो मुख्यतः स्वाध्यायासाठी आणि वहीखात्यासाठी. डाउनलाइट मात्र सरळ खाली प्रकाश टाकतो. आजोबांची खुर्ची भिंतीलगत असते आणि पोथीवर त्यांच्याच डोक्याची सावली पडते. छतात बारा दिवे असले, तरी उजळते ती फरशी.

ट्रॅक लाइटमध्ये छताला एक पट्टी बसते. तिला एकाच ठिकाणी वीज दिली, की दिवे तिच्यावर हवे तेथे सरकविता आणि हवे तसे वळविता येतात. खांद्याच्या बाजूने पुस्तकावर येणारा एक झोत वाचनाला पुरतो. फक्त तो समोर बसलेल्याच्या डोळ्यांत जाऊ नये.

आता हिशेब. १२ वॅटचे १२ दिवे रोज ५ तास लागले, तर महिन्याला २१.६ युनिट होतात. १० वॅटचे ४ ट्रॅक लाइट ६ युनिटांत भागवितात. युनिटला ८ रुपये धरले, तर बचत महिन्याला सव्वाशे रुपयांची. एवढ्यासाठी छताला हात लावणे हा तोट्याचा सौदा होय, कारण बारा भोके बुजवून सारे छत पुन्हा रंगविण्याचा खर्च पट्टीच्या किमतीला सहज मागे टाकू शकतो. दिवाळीची किंवा लग्नकार्याची रंगरंगोटी निघणारच असेल, तर गोष्ट निराळी. एरवी जुने दिवे तसेच ठेवून, त्यांच्या फटी बुजवून, एक ट्रॅक स्वतंत्र बटणावर घ्यावा.

जिप्समची फळी स्क्रू धरीत नाही. पट्टी आतील लोखंडी चौकटीला किंवा स्लॅबलाच आवळली पाहिजे. अर्थिंग टाळू नये. एका कंपनीचा दिवा दुसरीच्या पट्टीत बसेलच असे नाही, तेव्हा घाऊक भावाच्या मोहाने सुटे दिवे आणणाऱ्या व्यापाऱ्याने आधी हे पाहून घ्यावे. पांढऱ्याशुभ्र दिव्यापेक्षा ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याकडे कीटक कमी येतात. ते अजिबात येणार नाहीत, असे नव्हे. राइस मिलजवळच्या घरांत पट्टीच्या खोबणीत धूळ बसते. मुख्य स्विच बंद करून ती कोरड्या फडक्याने पुसावी लागते.

छताला ड्रिल लावण्यापूर्वी चार संध्याकाळी टेबल लॅम्प हाती धरून आजोबांच्या खुर्चीभोवती फिरवावा. अक्षर कोठून स्वच्छ दिसते, ते त्यांनीच सांगावे आणि इलेक्ट्रिशियनने तेथे पेन्सिलीची खूण करावी.