शंभरातले अठ्ठ्याण्णव

'ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, मग वीज का वाढवू शकणार नाही?' लातूर-नांदेडकडे डीपीपाशी, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, चार जण जमले की हा प्रश्न कधीतरी निघतोच. हल्ली मोबाइलवर फिरणारे 'फुकट वीज' दाखवणारे व्हिडिओ त्याला खतपाणी घालतात.

प्रश्न वेडगळ नाही. परळीच्या औष्णिक केंद्रात जनित्रातून पंधरा-सोळा हजार व्होल्टनं निघालेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडते ती २,२०,००० व्होल्टनं. जवळपास चौदा पट! पण त्याच क्षणी तारेतला प्रवाह, म्हणजे अँपिअर, चौदा पटीनं उतरलेला असतो. गावातल्या १०० केव्हीएच्या डीपीत हेच उलट्या दिशेनं घडतं. ११,००० व्होल्टच्या बाजूला पूर्ण भाराला सव्वापाच अँपिअर, तर ४३३ व्होल्टच्या बाजूला १३३. व्होल्ट आणि अँपिअर गुणून पाहा, दोन्हीकडे आकडा जवळपास तोच येतो.

हेही कागदावर. प्रत्यक्षात लोखंडी गाभ्याचं चुंबकत्व सेकंदाला पन्नास आवर्तनं करतं आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. तुम्ही ऐकता ती घूंऽऽ त्याच गाभ्याची. रात्री शिवारात एकही मोटर चालू नसली, तरी वरून वीजपुरवठा असेपर्यंत ही डीपी सुमारे २०० वॅट खात राहते, म्हणजे दिवसाला पाच युनिटच्या आसपास. भार आला की वेटोळी तापतात, ती घट वेगळी. एवढं होऊनही शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव पुढे पोचतात. फिरणारा भाग नसल्यानं हे जमतं. पण बाहेर आलेली वीज पुन्हा आत सोडून साखळी चालवायची म्हटलं, तर दर फेरीला दोन टक्के गळून चौतीस फेऱ्यांत निम्मीच उरेल.

मग ही घट सोसायची कशाला? तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह चौदा पटीनं उतरला, की त्याच तारेतली हानी जवळपास दोनशे पटीनं कमी होते. ट्रान्सफॉर्मरची खरी कमाई ही. तो वीज बनवत नाही, वाटेतली नासाडी वाचवतो.

आपोआप चालणाऱ्या यंत्राचा मोह आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, स्वतःहून फिरणारं चाक वर्णिलं आहे. त्यांचं गाव विज्जलवीड म्हणजे आजचं बीड, असं काही अभ्यासक मानतात. तेव्हा या मोहात मराठवाड्यालाही वाटा मागता येईल! पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्ये असले दावे तपासणंच बंद केलं. १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झनं ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नीट मांडला, तेव्हा त्यामागचं कारणही स्पष्ट झालं.

आपल्या भागात डीपीकडून जास्तीची अपेक्षा वेगळ्याच रीतीनं केली जाते. पाच एचपीची मोटर सात-आठ अँपिअर घेते, म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर सतरा-अठरा मोटरी. रब्बीत त्यावर चोरून टाकलेल्या आकड्यांची भर पडते. शिवाय जवळपास प्रत्येक मोटरीला ऑटो स्विच. थ्री फेज आली की सगळ्या एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. १३३ अँपिअरच्या वेटोळ्यांवर काही सेकंद त्याच्या कित्येक पट मारा होतो. त्यात तेल कमी असेल, तर डीपी जळायला फार वेळ लागत नाही. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत असतं ते याचसाठी. कपॅसिटरही वीज निर्माण करत नाही, तो मोटरीमुळे तारेत वाढलेला निरुपयोगी प्रवाह कमी करतो.

चकवा बसावा अशी एक जागा मात्र नव्यानं तयार झाली आहे. एखाद्या कॉलनीत छतांवर सौर पॅनेल भरपूर असली आणि भर दुपारी घरांतला वापर कमी असला, तर वीज डीपीतून उलटी ११ केव्हीच्या वाहिनीकडे चढते. वरच्या बाजूचा मीटर पाहणाऱ्याला वाटेल, ही डीपीच वीज देतेय. त्याच वेळी खालच्या बाजूचाही मीटर वाचावा. छतांवरून डीपीत शिरलेला आकडा वर गेलेल्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच निघेल.