छपराचा भाव आणि छपराचा खर्च : पत्रा की डांबरी शिंगल?

मी अभनपूरहून बोलतोय. रायपूरहून धमतरीकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. राजिमचा फाटा इथूनच फुटतो. या भागात आपण छपराबद्दल बोलणार आहोत. प्रश्न एका प्रेक्षकाचा आहे, पण तसाच प्रश्न मला नागपूर, बेळगाव आणि इंदूरकडूनही आला आहे, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

प्रश्न असा. वडील गावी राहतात. घर जुनं आहे, कवेलूचं. माकडं दर वर्षी कवेलू फोडतात आणि पावसाळ्याआधी घर शाकारायला माणूस मिळत नाही. कवेलू उतरवायचे हे नक्की झालंय. गावातला वेल्डर म्हणतो, रंगीत पत्रा टाका. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, "इथे सगळ्यांच्या घरावर शिंगल असतात. पत्र्यापेक्षा स्वस्त पडतात आणि दिसतातही छान. बाबांच्या घराला तेच करू." वडिलांच्या हातात निवृत्तीचे पैसे आहेत आणि ते एकदाच खर्च होणार आहेत. मग खरं कोणाचं?

दोघांचंही खरं आहे, फक्त आपापल्या गावापुरतं. भाऊ तिकडचा भाव सांगतो तो चूक नाही. तो इकडे का लागू पडत नाही, हे समजलं की निम्मं उत्तर मिळतं.

शिंगल म्हणजे काय?

काचतंतूंच्या पातळ चटईला दोन्ही बाजूंनी डांबर लावायचं, वरून रंगीत दगडाची बारीक खडी दाबायची आणि साधारण तीन फूट लांब, एक फूट रुंद पट्ट्या कापायच्या. माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवत त्या खिळ्यांनी ठोकायच्या. ही कल्पना १९०३ च्या सुमारास मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात हेन्री रेनॉल्ड्स या छप्परवाल्याने काढली. त्याआधी डांबरी कागद गुंडाळीने मिळायचा, त्याने तो कापून कौलासारखा केला.

आता यातली मुख्य गोष्ट बघा. खिळा ठोकायला खाली सलग फळी लागते. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडाची असतात, छताच्या लाकडी कैच्यांवर प्लायवूडसारखे तक्ते आधीच ठोकलेले असतात. म्हणजे शिंगलची बैठक घरासोबतच येते. डांबर तिथल्याच तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघतं, शिंगल तिथेच बनतात आणि ते बसवणारे कारागीर गावोगावी आहेत. म्हणून तिकडे शिंगल स्वस्त आणि चांगल्या धातूचं छप्पर त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग.

आपल्याकडे गणित उलटं होतं. आपल्या छपराखाली तक्ते नसतात. पत्र्याला फक्त कैच्या आणि त्यांवर तीन-चार फुटांवर आडव्या पट्ट्या लागतात, ज्यांना वेल्डर पर्लिन म्हणतो. शिंगलसाठी त्याच सांगाड्यावर सगळीकडे प्लाय किंवा सिमेंट बोर्ड बसवायचा, त्यासाठी पर्लिन जवळजवळ लावायच्या, बोर्डावर जलरोधक कागद पसरायचा आणि मग शिंगल. त्यात माल बहुधा परदेशातून येतो, आणि तो बसवणारा माणूस अभनपुरात नाही, रायपूरहून किंवा आणखी लांबून बोलवावा लागतो.

आधी माप, मग भाव

दुकानदार आणि वेल्डर चौरस फुटाचा भाव सांगतात. पण कुठला चौरस फूट? घराचं क्षेत्रफळ आणि छपराचं क्षेत्रफळ एक नसतं. समजा घर ४० फूट बाय २५ फूट आहे, म्हणजे १,००० चौरस फूट. चारही बाजूंना दोन फूट वळचण धरा. झालं ४४ बाय २९, म्हणजे १,२७६. आता उतार. १२ फुटांना ४ फूट चढ असेल तर क्षेत्रफळ सुमारे साडेपाच टक्के वाढतं. झाले १,३४५ चौरस फूट, म्हणजे जवळपास साडेतेरा ब्रास. हजार फुटांच्या घराला छप्पर साडेतेराशे फुटांचं. हा फरक बिल हातात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

उताराबद्दल अजून एक. पत्रा कमी उतारावरही चालतो. शिंगलला १२ ला ४ चा उतार हवा. त्याहून कमी असेल तर खालचा कागद दुहेरी करावा लागतो, आणि १२ ला २ पेक्षा सपाट छपरावर शिंगल टाकूच नये, कारण पाणी उलटं आत शिरतं.

तीन पर्याय, एकच घर

आता हिशोब मांडू. खालचे दर मी गणित समजावं म्हणून धरले आहेत, ते बाजारभाव नाहीत. तुमच्या गावचे दर घेऊन त्या जागी लिहा, पद्धत तीच राहील. सगळे दर छपराच्या एका चौरस फुटाचे आहेत.

पहिला पर्याय, पातळ पत्रा. पत्रा ४० रुपये, लोखंडी सांगाडा ८०, मजुरी, स्क्रू आणि आढ्याचा पत्रा मिळून २५. एकूण १४५. साडेतेराशे फुटांना १,९५,०२५ रुपये.

दुसरा पर्याय, जाड रंगीत पत्रा आणि त्याखाली उष्णतारोधक थर. पत्रा ६०, सांगाडा ८०, मजुरी वगैरे २५, थर ३५. एकूण २००. झाले २,६९,००० रुपये.

तिसरा पर्याय, शिंगल. शिंगल ९०, कागद १५, बोर्ड ६०, जवळजवळ पर्लिन असलेला सांगाडा ११०, मजुरी ४०. एकूण ३१५. झाले ४,२३,६७५ रुपये.

शिंगल आणि जाड पत्रा यांच्या नुसत्या मालाच्या भावात ३० रुपयांचा फरक होता. छप्पर पूर्ण झाल्यावर तो ११५ रुपयांचा झाला. दुकानात फक्त वरच्या थराचा भाव विचारला की फसगत होते ती इथे.

आता २४ वर्षांचा खर्च बघू. पातळ पत्रा बारा वर्षांनी बदलावा लागला असं धरू. सांगाडा तसाच राहील, पत्रा आणि मजुरी पुन्हा लागेल, म्हणजे ६५ रुपयांनी ८७,४२५. एकूण २,८२,४५०, आणि हे आजच्या दराने. बारा वर्षांनी दर आजचा नसणार. जाड पत्र्याला मध्ये एकदा स्क्रू, वॉशर आणि किरकोळ रंगाला १५,००० धरू. एकूण २,८४,०००. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. पण दुसऱ्या पर्यायात २४ वर्षं घर थंड राहिलं आणि मध्येच छप्पर उघडं टाकायची पाळी आली नाही. शिंगलवर या काळात एक रुपयाही खर्च झाला नाही असं धरलं, तरी ते सुमारे १ लाख ४० हजारांनी महाग पडतं.

ऊन हाही खर्चच

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उघड्या पत्र्याखाली दुपारी दोन वाजता बसून बघा, मग कळेल की कवेलू लोकांनी इतकी वर्षं का सांभाळले. मातीच्या कवेलूत फटी असतात, त्यांतून गरम हवा वर निघून जाते. जुन्या घरांत त्याखाली लाकूड-मातीचा माळा असे, इकडे त्याला पटाव म्हणतात. कवेलू उतरवून नुसता पत्रा टाकला की या दोन्ही गोष्टी जातात. ज्या घरात म्हातारी माणसं दिवसभर आत असतात, तिथे हा सोयीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. म्हणून थराचे ३५ रुपये वाचवू नका. पैसे कमीच असतील तर वळचण अर्धा फूट कमी करा, पत्र्याचं डिझाइन साधं घ्या, पण थर ठेवा. पटाव शाबूत असेल तर तो मुळीच काढू नका. आणि पत्रा पांढरा किंवा फिका घ्या. गडद लाल, गडद निळा दिसतो छान, पण ऊन पितो.

शिंगल पावसात आवाज करत नाही, हा त्याचा खरा गुण. खाली बोर्ड असल्याने ऊनही पत्र्याइतकं लगेच आत येत नाही. पण गडद शिंगल उन्हाचा बहुतेक भाग शोषून घेतं. डांबर उन्हाने मऊ पडतं, वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होऊन तडकतं, वरची खडी हळूहळू पावसाबरोबर पन्हळीत उतरते. खडी गेली की डांबराचं रक्षण गेलं. तिकडे साधारण १५ ते ३० वर्षं टिकणारं शिंगल आपल्या उन्हात त्यातल्या वरच्या आकड्यापर्यंत जाईल असं धरून चालू नका.

वजन, वारा आणि भंगार

कवेलू उतरवल्यावर भिंतींवरचा भार एकदम हलका होतो. मंगळुरी कौलांचं छप्पर चौरस फुटाला चार किलोच्या आसपास भरतं. बोर्डासकट शिंगल दोन किलोच्या आत. पत्रा अर्ध्या किलोच्या आत. जुन्या मातीच्या भिंतींना हे चांगलंच. पण हलकं छप्पर वादळात उडतं. एप्रिल-मेमधल्या अंधडात कुणाचा ना कुणाचा पत्रा शेजारच्या शेतात सापडतो. म्हणून कैच्या भिंतीवर नुसत्या टेकवू नका, काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने बांधून घ्या. स्क्रू रबरी वॉशरचे घ्या, आणि वळचणीच्या व आढ्याच्या ओळीत ते जास्त लावा, कारण वारा तिथूनच पत्रा उचलतो.

शेवटी भंगार. जुना पत्रा भंगारवाला किलोवर घेऊन जातो. जुनं शिंगल उतरवायला उलट आपणच मजुरी द्यायची. पुढेमागे सौर पॅनेल लावायचे असतील तरी पत्र्यावर सोपं जातं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला केंद्राचं ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यासाठी सांगाडा पॅनेलचं वजन पेलेल असा करायचा असेल, तर वेल्डरला ते आजच सांगा.

पत्रा घेताना

भिलाई इथून जवळ, उरला आणि सिलतराचे पोलाद कारखाने तर रायपूरलाच. म्हणून अनेकांना वाटतं, पत्रा इथे स्वस्तच असणार. भिलाईत मुख्यतः रेल्वेचे रूळ, जाड प्लेटा आणि बांधकामाचं पोलाद निघतं, छपराचा रंगीत पत्रा नाही. तो बाहेरून येतो. सांगाड्याच्या अँगल आणि पाइपात मात्र जवळपणाचा फायदा मिळू शकतो, तिथे भाव करा.

जाडी तपासायला ताकडी पुरते. १,२२० मिलिमीटर रुंदीच्या रोलमधून वळवलेला १० फुटी पत्रा रंगासकट ०.५० मिलिमीटर असेल तर १३-१४ किलो भरतो. ०.३५ चा असेल तर ९-१०. दुकानदार ०.५० म्हणतोय आणि वजन ११ भरतंय, तर काय ते समजा. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या. जाडी रंगासकट की रंगाशिवाय, चौरस मीटरला जस्ताचा लेप किती ग्रॅम, आणि दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का.

मग शिंगल कुणी घ्यावं?

ज्यांच्या घरावर उतरता काँक्रीट स्लॅब आधीच आहे त्यांनी विचार करावा. तिथे बोर्ड आणि सांगाडा दोन्ही वाचतात. आपल्याच धरलेल्या दरांनी शिंगल, कागद आणि मजुरी मिळून १४५ रुपये होतात. त्याच स्लॅबवर हलक्या पट्ट्या ठोकून जाड पत्रा टाकला तर ११०. साडेतेराशे फुटांना फरक ४७ हजारांचा. पावसाचा आवाज नको आणि घर सुंदर दिसायला हवं, म्हणून कुणी तेवढे जास्त दिले तर मी अडवणार नाही. फक्त बसवणारा अनुभवी आहे ना, आणि दहा वर्षांनी दोन पट्ट्या बदलायच्या झाल्या तर तोच माल मिळेल ना, हे विचारून घ्या. नाहीतर दोन-तीन बंडलं जास्तीची घेऊन सावलीत ठेवा.

आपल्या प्रेक्षकाच्या वडिलांच्या घरावर स्लॅब नाही. त्यांच्यासाठी माझं उत्तर सरळ आहे. जाड, फिक्या रंगाचा पत्रा, खाली उष्णतारोधक थर, बोल्टने बांधलेल्या कैच्या. अमेरिकेतल्या भावाला पैसे पाठवायचेच असतील तर त्याने थराचे आणि सांगाड्याचे द्यावेत. ते काम बाहेरून दिसत नाही, म्हणून घरोघरी कात्री आधी तिथेच लागते.

आणि हे सगळं होळीनंतर लगेच सुरू करा. जून उजाडला की चांगला वेल्डर मिळत नाही, जो मिळतो तो म्हणेल तो भाव द्यावा लागतो, आणि घर उघडं असताना पहिला पाऊस येतो. तुमच्या गावचे दर आणि छपराची मापं लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यांतलीच दोन-तीन घरं घेऊन पन्हळ आणि छपरावरच्या पाण्याच्या साठवणीचा हिशोब करू. नमस्कार.